शरीररचनाशास्त्राची पूर्वतयारी आणि परिचर्या शिक्षण : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

परिचर्या हा सेवाभावाचा व्यवसाय आहे, हे वाक्य समारंभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की तो आधी ज्ञानाचा व्यवसाय आहे याचा विसर पडावा. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील कनिष्ठ महाविद्यालयांतून विज्ञान शाखेत बारावी उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी जे विद्यार्थी परिचर्येकडे वळतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचा हा निर्णय निकालानंतरच्या धावपळीत होतो. वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळली म्हणून, नोकरीची शाश्वती आहे म्हणून, किंवा नात्यातील एखादी मावशी अथवा आत्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे म्हणून. यांपैकी कोणतेही कारण गैर नाही. मात्र निर्णय उशिरा झाल्यामुळे परिचर्येसाठी म्हणून काही स्वतंत्र तयारी करावयाची असते, हे घरात कुणाच्या ध्यानात आलेले नसते. आणि पहिल्या सत्रात शरीररचनाशास्त्र समोर उभे राहिले की चांगले गुण मिळवून आलेली मुलेही गोंधळून जातात.

या गोंधळाचे एक कारण अभ्यासक्रमाच्या रचनेतच आहे. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये अधिसूचित केलेल्या सुधारित अभ्यासक्रमानुसार बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची व आठ सत्रांची आहे. उपयोजित शरीररचनाशास्त्र आणि उपयोजित शरीरक्रियाशास्त्र हे दोन्ही विषय पहिल्याच सत्रात येतात व प्रत्येकासाठी 60 तास दिलेले आहेत. प्रौढ माणसाची 206 हाडे, त्यांवरील स्नायू, हृदय व रक्तवाहिन्या, फुप्फुसे, पचनसंस्था, मज्जासंस्था, ज्ञानेंद्रिये हे सारे 60 तासांत. शिवाय त्याच सत्रात परिचर्येच्या मूलतत्त्वांचा विषय सुरू होतो आणि विद्यार्थिनीला रुग्णाची नाडी, श्वसन, रक्तदाब पाहण्यासाठी खाटेजवळ उभे केले जाते. वर्गात जी धमनी आज शिकवली, तीवर काही आठवड्यांतच बोटे ठेवावयाची असतात.

तेव्हा अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत कोणती तयारी करता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पहिल्या वर्षाचे जाडजूड पुस्तक आधीच आणून पाठ करणे, असा या तयारीचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात तसे पाठांतर सत्र सुरू होईपर्यंत टिकत नाही. शरीराच्या एकाच भागाला घरात एक नाव असते, शालेय पुस्तकात दुसरे आणि रुग्णालयात तिसरे; ही तिन्ही नावे स्वतःच्या शरीरावर नेमक्या जागी बोट ठेवून जुळवता येणे, ही खरी पूर्वतयारी होय.

विषयनिवडीचा प्रश्न

त्यापूर्वी एक व्यावहारिक बाब. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. अकरावीत प्रवेश घेतानाच जीवशास्त्र सोडून गणिताबरोबर संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा द्विलक्ष्यी विषय घेण्याकडे या शहरांतील पालकांचा ओढा असतो. त्या वेळी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील संगणक कंपन्या डोळ्यांसमोर असतात. दोन वर्षांनी विचार बदलला तर या पदवीचे दार बंद झालेले असते. जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे जीएनएम ही पदविका अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही खुली आहे. तथापि तेथेही शरीररचना पहिल्याच वर्षी शिकावी लागते आणि जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थिनीला ती दुप्पट जड जाते. महाराष्ट्रात 2023 पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतली जाऊ लागली. त्या परीक्षेमुळे निदान एवढे झाले की परिचर्येचा विचार बारावीच्या वर्षातच करणे भाग पडू लागले.

एकाच जागेची तीन नावे

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याने शरीराविषयी बरेच काही शिकलेले असते. सहावीच्या सामान्य विज्ञानात अस्थिसंस्था व त्वचा, आठवीत मानवी शरीर व इंद्रियसंस्था. वृक्क, यकृत, प्लीहा, स्वादुपिंड हे शब्द त्याला ठाऊक असतात. अकरावीत विज्ञानाचे माध्यम इंग्रजी होते आणि शिक्षक नकळत असे वागतात की जणू मागचे सारे पुसून टाकून नव्याने आरंभ करावयाचा आहे. विद्यार्थी वृक्क विसरतो आणि किडनी पाठ करतो; पुढे परिचर्या महाविद्यालयात नेफ्रॉन, नेफ्रायटिस, नेफ्रेक्टमी असे शब्द येतात, तेव्हा ते आपल्या ओळखीच्या वृक्काचेच आहेत हे त्याच्या लक्षात येत नाही.

वास्तविक मराठीचे घरगुती शब्दधन या बाबतीत चांगलेच समृद्ध आहे. शरीररचनाशास्त्रात ‘आर्म’ म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचाच भाग आणि ‘लेग’ म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच भाग. व्यवहारातील इंग्रजीत हे शब्द सैल वापरले जातात, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही येथे अडखळायला होते. मराठीत मात्र पहिल्यासाठी ‘दंड’ हा नेमका शब्द घरातच आहे. पोटरी, नडगी, घोटा, चवडा, टाच, जांघ, कूस, ओटीपोट, बरगडी, मनगट ही सारी नावे आजीच्या तोंडची असली तरी स्थाननिश्चितीच्या दृष्टीने शास्त्रशुद्ध म्हणावी अशीच आहेत. पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला मराठी माणूस माकडहाड म्हणतो. ग्रीकांना त्याच हाडात कोकिळेची चोच दिसली आणि त्यावरून कॉक्सिक्स हे नाव पडले.

उलट काही घरगुती शब्द एकाच वेळी अनेक जागा दाखवतात आणि तेथे सावध राहावे लागते. ‘पोट’ म्हणजे जठर, आतडी, संपूर्ण उदर आणि प्रसंगी गर्भाशयही. ‘कंबर दुखते’ असे सांगणाऱ्या रुग्णाचे दुखणे मणक्याचे असू शकते, तसेच वृक्कातील खड्याचेही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय यांपैकी कोठेही उभे राहिले, तर शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांतील रुग्ण, भिवंडीचा यंत्रमाग कामगार, उल्हासनगरमधील सिंधी आजी आणि खाडीकाठचा आगरी मच्छीमार हे एकाच रांगेत दिसू शकतात. प्रत्येकाचा दुखण्याचा शब्द वेगळा असतो. डॉक्टरांच्या फेरीपूर्वी तो शब्द ऐकून, जागा हाताने पाहून, नोंदवहीत रुग्णालयाच्या भाषेत लिहिणारी व्यक्ती परिचारिका असते. शरीररचनेचे अज्ञान असेल तर चूक याच टप्प्यावर होते आणि पुढच्या साऱ्यांना ती चूकच खरी वाटते.

कल्याणचे उदाहरण

या भाषिक प्रवासाचे एक जुने उदाहरण याच परिसरातले आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म 31 मार्च 1865 रोजी कल्याण येथे झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला. विज्ञानाच्या औपचारिक शालेय शिक्षणाची जोड नसताना, पती गोपाळराव यांच्या आग्रहाने शिकलेल्या इंग्रजीच्या बळावर 1883 मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परदेशातील पदवीसाठी विषय मात्र त्यांनी माहेरच्या माजघरातला निवडला, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. आज कल्याणच्या विद्यार्थिनीला त्यांचे चरित्र प्रेरणा म्हणून सांगितले जाते. मराठी, इंग्रजी आणि लॅटिन-ग्रीक संज्ञा असा त्रिविध भार त्यांनी तीन वर्षांत कसा उचलला असेल, याचा विचार तिला अधिक उपयोगी पडेल.

मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माध्यमाचा वैद्यकीय वर्ग चालत असे, आणि पुढे राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने शारीर विषयाचा परिभाषा कोशही प्रसिद्ध केला. मराठीतून शरीर शिकणे ही कल्पना नवी नाही. परंतु आज परीक्षा व रुग्णालयातील नोंदी इंग्रजीतून होतात, हे वास्तव स्वीकारूनच विद्यार्थ्याला मार्ग काढावा लागतो.

संज्ञा पाठ करण्याऐवजी फोडून पाहणे

संज्ञांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याची स्थिती तो समजतो तितकी वाईट नसते. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच कुळातील भाषा आहेत. हाडासाठी ग्रीक ‘ऑस्टिऑन’ आणि आपली अस्थी, दातासाठी लॅटिन ‘डेन्स’ आणि आपला दंत, नाकासाठी ‘नासुस’ आणि नासिका, गुडघ्यासाठी ‘जेनु’ आणि जानु हे परस्परांचे सख्खे नातलग आहेत. ‘मसल’ या शब्दाच्या मुळाशी ‘लहान उंदीर’ असा अर्थ आहे. दंडाचा स्नायू फुगवून खालीवर केला की त्वचेखाली उंदीर पळाल्यासारखे दिसते, हे ज्याने प्रथम पाहिले त्याची नजर मिश्कील असली पाहिजे.

शेपन्नास मूळ घटक आणि वीसेक प्रत्यय कळले की शेकडो शब्द उलगडतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे, ‘ऑस्टमी’ म्हणजे मुख तयार करणे. गॅस्ट्रो जठराचा, हेपॅटो यकृताचा, आर्थ्रो सांध्याचा. डोंबिवलीहून ठाण्याच्या महाविद्यालयात लोकलने जाणाऱ्या मुलीला रोज पाच शब्द फोडून पाहता येतील. गर्दीत वही उघडता येत नाही, पण एवढे काम मनात करता येते.

मात्र देवनागरीत लिहून घेतलेल्या संज्ञांच्या टिपणांनी घात होऊ शकतो. नितंबाच्या वरच्या पसरट हाडाचे नाव इलियम आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे नावही इलियम. इंग्रजीत मध्यावरच्या एका अक्षराचा फरक आहे, एकात आय आणि दुसऱ्यात ई. देवनागरीत तोही उरत नाही. ‘हायपो’ म्हणजे कमी आणि ‘हायपर’ म्हणजे जास्त. मधुमेही रुग्णाची साखर घसरली आहे की चढली आहे, याची नोंद या एका उच्चारावर अवलंबून असते आणि दोहोंवरील उपाय परस्परांच्या नेमके उलट आहेत. म्हणून अर्थ मराठीत समजून घ्यावा, उच्चार देवनागरीत लिहावा, पण शब्दाचे इंग्रजी वर्णलेखन पहिल्याच दिवशी हाताला लावून घ्यावे.

पाठ्यपुस्तकांतील उपेक्षित प्रकरणे

राज्य मंडळाने 2019 मध्ये अकरावीसाठी व 2020 मध्ये बारावीसाठी लागू केलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत या तयारीला पुरेसा आधार मिळतो. अकरावीत प्राणी ऊती, मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा व हालचाल. बारावीत श्वसन व अभिसरण, नियंत्रण व समन्वय, प्रजनन, मानवी आरोग्य व रोग. अकरावीचे वर्ष ‘विश्रांतीचे’ मानण्याची प्रथा असल्याने सांगाड्याचे प्रकरण बहुधा वाचलेच जात नाही. हाडे कच्ची राहिली की स्नायू अधांतरी राहतात.

आणखी एक प्रकरण वनस्पतिशास्त्राचे म्हणून टाकले जाते : वनस्पतींचे जलसंबंध. पेशीपटलातून पाणी कोणत्या दिशेला जाते, हे तेथे शिकवलेले असते. शिरेतून देण्याचे सलाईन 0.9 टक्के मिठाचे का असते आणि नुसते ऊर्ध्वपातित पाणी शिरेत गेले तर तांबड्या पेशी फुगून का फुटतात, याचे उत्तर त्या प्रकरणात आहे. मिठाच्या पाण्यात टाकलेला मनुका आणि वॉर्डातील सलाईनची बाटली यांचा संबंध बारावीतच लागला, तर पुढे तो सहसा सुटत नाही.

अंकगणिताविषयी थोडेच. 500 मिलिलिटर द्रव आठ तासांत द्यावयाचा आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला 20 थेंब पडतात, तर मिनिटाला सुमारे 21 थेंब पडले पाहिजेत. हे त्रैराशिक सातवीचेच आहे. गणित सोडून आलेल्या विद्यार्थिनीने तेवढे हातात ठेवावे.

चुकीची किंमत

शरीररचनेत उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळवता येतात आणि तरीही ती अवगत नसते, असे घडते. नितंबात द्यावयाच्या इंजेक्शनचे उदाहरण घ्यावे. नितंबाचे मनाने चार भाग केले तर सुई वरच्या बाहेरील भागात दिली जाते, कारण खालच्या व आतल्या भागातून सायटिक ही शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतूंची दोरी पायाकडे जाते. हल्ली तर मागची जागा सोडून नितंबाच्या बाजूची जागा अधिक सुरक्षित मानली जाते. सुई अंगुळभर चुकली आणि ती नस दुखावली, तर रुग्णाचे पाऊल वर उचलले जाईनासे होते. चालताना चवडा जमिनीवर घासतो. ज्याचे पोट हमालीवर किंवा शेतावर आहे त्याच्या दृष्टीने हे अपंगत्वच. वर्षाच्या आतील बालकाला पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या मध्यभागी, पुढच्या-बाहेरील बाजूस दिली जाते. तेथील स्नायू त्या वयातही पुरेसा भरलेला असतो आणि मोठी नस किंवा रक्तवाहिनी वाटेत नसते. लसीकरणाच्या दिवशी बाळाची आई ‘मांडीलाच का?’ असे विचारते, तेव्हा तिला उत्तर मिळायला हवे.

कोपराच्या खळगीत रक्त काढण्याची शीर आणि दंडाची मुख्य धमनी एकमेकींच्या अगदी जवळ असतात. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ उतरणारी असते, म्हणून गिळताना चुकलेला शेंगदाणा बहुधा उजव्या फुप्फुसात सापडतो. नाकातून जठरात घालावयाच्या नळीची लांबी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत व तेथून उरोस्थीच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात. या प्रत्येक कृतीमागे एक नकाशा आहे आणि तो ज्याला दिसत नाही त्याला कृती केवळ अनुकरणाने करावी लागते.

घरी करता येण्याजोगे

बोर्डाच्या परीक्षेत हृदयाच्या आकृतीला गुण असतात, म्हणून ती घोटली जाते. तरीही चित्रातील डावी बाजू ही रुग्णाची उजवी असते, हे अनेकांना पदवीच्या वर्गातही पटकन उमगत नाही. पुस्तक उघडून, चित्राची बाजू बाहेर करून, स्वतःच्या छातीवर धरावे : चित्र जागच्या जागी बसते. एवढ्या साध्या कृतीने डाव्या-उजव्याचा घोळ मिटतो.

यापुढचा अभ्यास आरशासमोर करता येतो. गळ्याखालच्या खळगीतून बोट उरोस्थीवर खाली नेले की एक आडवा उंचवटा लागतो. तेथे दुसरी बरगडी जोडलेली असते. तेथून मोजत डाव्या बाजूला पाचव्या व सहाव्या बरगडीमधील जागेत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेजवळ, हृदयाचा ठोका हाताला लागतो. कमरेवर हात ठेवून उभे राहिले असता बोटे ज्या कडेवर टेकतात ती इलियमची, हाडाच्या इलियमची, कड. दोन्ही बाजूंच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या कटिमणक्याच्या आसपास जाते आणि साधारण त्याच पातळीवर महाधमनी दुभंगते. कल्याणच्या विद्यार्थ्याला हे दुभंगणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुंबईहून एकत्र आलेली लोहमार्गांची जोडी त्याच्या स्थानकापुढे एक कसाऱ्याकडे, दुसरी कर्जतकडे अशी जाते. कोणत्या फाट्यावर अडथळा आला तर पुढची कोणती गावे अडकतील हे त्याला तोंडपाठ असते. डाव्या श्रोणि-धमनीत गुठळी अडकली तर कोणता पाय थंड पडेल, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

बेडूक व झुरळ यांचे विच्छेदन हा एकेकाळी कनिष्ठ महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांचा भाग होता. आता भर प्रतिकृती व तक्त्यांवर असतो आणि ते योग्यही आहे. मात्र प्लास्टिकचे हृदय हातात घेऊन भित्तिकेची जाडी कळत नाही. ज्या घरांत सामिष आहार चालतो तेथे याला एक सोपा पर्याय आहे. मटणाच्या दुकानात बकऱ्याचे अख्खे हृदय मिळते. ते धुऊन, उभे कापून, दोन्ही जवनिकांच्या भिंती बोटांच्या चिमटीत धराव्यात. डावी भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड लागते, कारण उजव्या बाजूला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलावयाचे असते आणि डाव्या बाजूला सर्वांगात. झडपांना बांधलेले पांढरे दोरे दिसतात, महाधमनीत करंगळी घालून पाहता येते. शाकाहारी घरातील मुलीने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जतन केलेला नमुना शिक्षकांना विनंती करून पाहावा.

दुकानात ते मागताना मात्र ‘दिल’ असे मागावे लागते. ‘काळीज’ मागितले तर यकृत मिळते. तीन नावांची वही ज्या विद्यार्थिनीने अकरावीपासून ठेवली असेल, तिच्या वहीत काळीज या शब्दापुढे म्हणून दोन नोंदी असतील : पहिली, खाटकाचे काळीज, यकृत, लिव्हर, उजव्या बरगड्यांखाली, दुसरी, ‘काळीज धडधडतंय’ म्हणणाऱ्या रुग्णाचे, हृदय, हार्ट. अशा रुग्णाची नाडी आधी मोजावयाची.